इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजमध्ये तुटलेला स्क्रू कसा काढायचा

स्क्रूचं डोकं हातात आलं आणि दांडा आत राहिला, की पहिली ऊर्मी पक्कड घेऊन भिडण्याची असते. ती थोडा वेळ आवरा. तुटलेला स्क्रू आता भंगारच आहे, त्याचं काही झालं तरी चालेल. जपायचं आहे ते त्याच्या भोवतीचं भोक. भोक लाकडात असेल तर लाकूड आणि वरचं फिनिश, धातूत असेल तर आतले आटे. स्क्रू निघाला पण भोक फाटलं, तर दुरुस्ती दुप्पट झाली. स्क्रूचा भुगा झाला पण भोक शाबूत राहिलं, तर काम फत्ते.

आधी तीन गोष्टी ठरवा

पहिली, तुकडा लाकडात अडकलाय की धातूत. स्ट्रॅटोकॅस्टर पद्धतीच्या जुन्या धाटणीच्या ट्रेमोलोला (आर्म नावाच्या दांडीने हलवता येणाऱ्या ब्रिजला) पुढच्या काठावर सहा स्क्रू असतात, ते थेट बॉडीच्या लाकडात जातात. हार्डटेल, म्हणजे न हलणाऱ्या, ब्रिजचे आणि टेलिकास्टरच्या ब्रिज प्लेटचे स्क्रूही लाकडातच. मागच्या खाचेत स्प्रिंगांचा क्लॉ (स्प्रिंगा अडकवायची पट्टी) धरून ठेवणारे दोन लांब स्क्रूही त्याच जातीचे. याउलट सॅडलची (तार ज्यावर टेकते त्या तुकड्याची) उंची ठरवणारे बारीक, बिनडोक्याचे ग्रब स्क्रू, इंटोनेशनचे (सॅडल मागेपुढे सरकवून सूर जुळवणारे) स्क्रू, फ्लॉइड रोझ ट्रेमोलोवर सॅडल दाबून धरणारे स्क्रू आणि ट्रेमोलो आर्मचं आट्यांचं टोक हे सगळं धातूत बसलेलं असतं. ट्यून-ओ-मॅटिक ब्रिजचे खांब मात्र दोन्ही प्रकारचे सापडतात: काहींना लाकडात ठोकलेलं धातूचं बुशिंग असतं, तर जुन्या धाटणीचे बारीक खांब सरळ लाकडातच पिळलेले असतात.

दुसरी गोष्ट, तुकडा पृष्ठभागाच्या वर आहे, बरोबरीला आहे की आत खोल गेलाय. दोन-तीन मिलिमीटर जरी वर असेल तरी तुमचं नशीब चांगलं.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विचारातच घेत नाहीत, आणि माझ्या मते तीच सगळ्यात कामाची. स्क्रू कसा तुटला? पिळताना तुटला असेल, तर तुकडा आत घट्ट आहे. तो घट्ट होता म्हणूनच तर तुटला. पण बाजूने जोर पडून, वाकून तुटला असेल, तर आतला तुकडा बऱ्याचदा सैलच असतो. ट्रेमोलो आर्म जवळपास नेहमी अशीच तुटते. तिथे ड्रिल वगैरे काढायच्या आधी एक टोकदार सुई किंवा बारीक पोगर घ्या, तुटलेल्या तोंडाच्या कडेला, मध्यापासून दूर टेकवा आणि घड्याळाच्या उलट दिशेने हळूहळू ढकला. पुष्कळदा तुकडा चक्क फिरत फिरत वर येतो आणि पुढचा लेख वाचायची गरज उरत नाही.

गिटार तयार करा

तारा एकदम कापू नका, सगळ्या थोड्या थोड्या सैल करत उतरवा. १० ते ४६ च्या (इंचाच्या हजाराव्या भागांत जाडी) तारांच्या संचाचा सुरात असताना एकूण ताण ४५ किलोच्या आसपास असतो, तो झटक्यात सोडण्यात काही शहाणपण नाही. ट्रेमोलो तरंगता (बॉडीला न टेकता तोललेला) असेल तर तारा निघाल्यावर स्प्रिंगा ब्रिजला मागे खेचतात. म्हणून मागची झाकणी काढून स्प्रिंगाही उतरवा. ब्रिज सुटा होत असेल तर तो काढूनच घ्या. बॉडीवर ठेवलेल्या ब्रिजवर पंच आणि हातोडी चालवणं म्हणजे फिनिशला तडा जाण्याचं आमंत्रण.

आता पिकअप झाका. ही पायरी कुणीच टाळू नये. पिकअपमध्ये लोहचुंबक असतात आणि स्क्रू घासताना, ड्रिल करताना उडालेला लोखंडाचा कीस थेट त्यांच्याकडे धावतो. पोल पीसला चिकटलेला तो कीस नंतर आत सरकून कॉइलच्या केसासारख्या तारेपर्यंत जाऊ शकतो, आणि चालू कामात एक नवं दुखणं उभं राहतं. पिकअपवर मास्किंग टेप दोन थरांत लावा, बॉडीवर कापड पसरा आणि भोकाच्या भोवती तेवढीच जागा उघडी ठेवा. कीस उडवायला फुंकर मारू नका. टेपने टिपून घ्या. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण ड्रिल बिटचा तुटलेला कण कुठे जाईल ते सांगता येत नाही.

तुकडा वर दिसत असेल तर

लॉकिंग प्लायर म्हणजे दाबल्यावर आपोआप पकड धरून ठेवणारी पक्कड, ती इथे साध्या पकडीपेक्षा फार सरस. साधी पक्कड घसरते आणि प्रत्येक घसरणीबरोबर तुकड्याचं टोक गोल होत जातं. पकड घेण्याआधी बारीक कानशीने तुकड्याच्या दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून घेतल्या तर जबड्याला धरायला जागा मिळते. आजूबाजूला पातळ पत्रा किंवा जाड पुठ्ठा ठेवा, म्हणजे पक्कड फिरताना बॉडीवर ओरखडा उठणार नाही.

पकड बसली की लगेच उलटं फिरवू नका. आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने, मग किंचित उलट, असं हलवा. गंजाची किंवा लाकडाची धरलेली मिठी आधी सुटली पाहिजे. ती सुटल्याचं हाताला कळतं, बारीकशी करकर ऐकू येते. मग पाव-पाव फेऱ्याने बाहेर घ्या.

लाकडातला स्क्रू तरीही हलत नसेल तर त्याला तापवा. सोल्डरिंग आयर्नचं टोक तुकड्यावर अर्धा ते एक मिनिट टेकवा. तापलेला धातू किंचित प्रसरण पावतो, भोवतीचं लाकूड दाबलं जातं आणि भोकात फिनिश किंवा गोंद गेला असेल तर तोही मऊ होतो. थंड होऊ द्या आणि पुन्हा प्रयत्न करा. गरज पडल्यास दोन-तीनदा करा, पण टोक फिनिशला लागू देऊ नका, आणि धूर दिसला तर थांबा.

गंज सोडवणारं पेनेट्रेटिंग ऑइल लाकडात कधीही सोडू नका. लाकूड ते पिऊन टाकतं, फिनिशखाली डाग पसरतो आणि पुढे तिथे गोंद धरत नाही. तेल हे फक्त धातूतल्या स्क्रूसाठी, तेही भाग गिटारपासून वेगळा केल्यावर. तसंच ॲसिटोनचं कुठलंही मिश्रण गिटारच्या जवळ आणू नका. काही गिटारांवर असणारं नायट्रोसेल्युलोज लॅकरचं फिनिश ते सरळ विरघळवतं.

लाकडात आत तुटला असेल तर

सहा स्क्रूंच्या ट्रेमोलोवर हे प्रकरण सर्वात जास्त दिसतं. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: काढायलाच हवा का? मधल्या चारपैकी एखादा तुटला असेल, तुकडा पृष्ठभागाच्या खाली असेल आणि प्लेट नीट टेकत असेल, तर उरलेल्या पाचांवर ब्रिज व्यवस्थित चालतो. कित्येक जण मुद्दाम कडेच्या दोन स्क्रूंवरच जास्त भार ठेवून मधले थोडे सैल सोडतात. अशा वेळी तुटलेल्याचं डोकं नुसतं शोभेसाठी चिकटवून ठेवण्यात काहीही कमीपणा नाही. कडेचा स्क्रू असेल, किंवा हार्डटेल ब्रिज असेल, तर मात्र काढावाच लागतो.

लाकडातल्या तुकड्याच्या मधोमध ड्रिल करायचा बेत सोडून द्या. पोलाद कठीण, लाकूड मऊ. बिट तुकड्यावरून घसरून शेजारच्या लाकडात शिरतो आणि भोक अंड्यासारखं होतं. इथे लागतं ते पोकळ एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तोंडाला दात असलेली पोलादी नळी. ती तुकड्याभोवतीचं लाकूड गोल कापत खाली जाते. विकत मिळते; नाही मिळाली तर स्प्रिंग पिन नावाची, एका बाजूला चीर असलेली पोलादी नळी घेऊन तिच्या तोंडाला कानशीने चार-पाच दात पाडता येतात. ब्रिजचे स्क्रू साधारण साडेतीन मिलिमीटर जाडीचे असतात. नळीची आतली पोकळी त्याहून नावापुरती मोठी आणि बाहेरचा व्यास शक्य तितका कमी, असं बघा.

कमी व्यासाचा आग्रह का? या सहा भोकांच्या लगेच मागे ट्रेमोलो ब्लॉकची मोठी खाच असते. मधली लाकडाची भिंत पातळ आहे. नळी जाड घेतली तर ती भिंत फुटेल, नाहीतर मोठं झालेलं भोक प्लेटच्या पुढच्या काठाबाहेर डोकावेल. काम सुरू करण्याआधी प्लेट जागेवर ठेवून तिच्या काठावर पेन्सिलची रेघ मारा आणि भोक त्या रेघेच्या आत राहतं का ते मोजा.

नळी पहिल्या क्षणी इकडेतिकडे सरकते, म्हणून तिला वाट दाखवायला लागते. कठीण लाकडाच्या एका ठोकळ्यात नळीच्या बाहेरच्या व्यासाचं उभं भोक पाडा, ते तुकड्यावर बरोबर आणा आणि ठोकळा दुहेरी चिकटपट्टीने किंवा क्लॅम्पने बॉडीवर पक्का करा. त्याआधी भोकाच्या कडेचं फिनिश धारदार पात्याने गोल कापून ठेवा, म्हणजे टवका उडाला तरी त्या वर्तुळाच्या आतच उडेल.

आता ड्रिल उलट्या दिशेने, अगदी कमी वेगात चालवा. उलटं यासाठी, की दात तुकड्यावर घट्ट बसले तर तो सुटण्याच्या दिशेनेच फिरेल. कधी कधी अर्ध्या वाटेत तो नळीसकट बाहेर येतो. दर काही सेकंदांनी नळी वर काढून भुसा साफ करा. नाहीतर ती तापते, लाकूड जळतं आणि जळलेल्या लाकडाला गोंद नीट धरत नाही. स्क्रूची लांबी त्याच्या शेजाऱ्यावरून मोजून नळीवर टेपची खूण करा, कारण बॉडीच्या आरपार जाणं कुणालाच परवडत नाही. पुरेसं खोल गेलं की नोज प्लायरने तुकडा धरून फिरवत बाहेर घ्या.

भोक भरणं

हा भाग घाईत उरकला जातो आणि सहा महिन्यांनी ब्रिज हलायला लागतो. काडेपेटीच्या काड्या आणि गोंद कोंबणं ही तात्पुरती मलमपट्टी आहे. तारांचा आणि स्प्रिंगांचा ओढा झेलणाऱ्या जागेला ती पुरत नाही.

खडबडीत झालेलं भोक आधी नेमक्या मापाच्या बिटने साफ करा, उदाहरणार्थ ६ मिलिमीटर. त्यात घट्ट पण ठोकावी न लागणारी मेपलसारख्या कठीण लाकडाची खुंटी बसली पाहिजे. बाजारी गोल दांड्याचे रेषे उभे असतात आणि उभ्या रेषांच्या टोकात स्क्रूची पकड कमी असते. प्लग कटरने आडव्या रेषांची खुंटी काढता आली तर ती जास्त चांगली, बॉडीच्या रेषांना समांतर बसवा. ती जमली नाही तर कठीण लाकडाचा दांडाही चालतो, फक्त गोंदात कंजूषी नको. लाकडाचा पांढरा किंवा पिवळा गोंद भोकाच्या भिंतींना आणि खुंटीला लावा, खुंटी दाबून बसवा, बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा आणि २४ तास हात लावू नका.

वाळल्यावर वरचा भाग पटाशीने पृष्ठभागाच्या बरोबरीला आणा. मग प्लेट उरलेल्या स्क्रूंवर बसवून नव्या भोकाचा मध्य प्लेटमधूनच खुणावा. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका.

नव्या भोकाचं माप ठरवायची सोपी रीत अशी: बिट स्क्रूच्या पुढे धरून उजेडाकडे बघा. बिटमागे स्क्रूचा मधला दांडा पूर्ण झाकला गेला पाहिजे आणि दोन्ही बाजूंना फक्त आटे दिसले पाहिजेत. मेपलसारख्या कठीण लाकडात त्याहून किंचित मोठा बिट घ्या. ब्रिजचे स्क्रू तुटण्याचं सर्वात नेहमीचं कारण म्हणजे हेच भोक बारीक असणं. भोकाचं तोंड काउंटरसिंकने हाताने हलकं रुंद करा, म्हणजे आटे फिनिशला उचलणार नाहीत. स्क्रूच्या आट्यांवर मेणबत्ती घासा, साबण नको, तो ओलावा ओढतो आणि गंज आणतो. हाताच्या स्क्रू ड्रायव्हरने एक फेरा पुढे, अर्धा मागे असं करत बसवा. पॉवर ड्रायव्हर इथे वापरूच नका.

धातूत अडकला असेल तर

प्रामाणिक सल्ला: सुटा सॅडल असेल तर नवा सॅडल घ्या. तीन मिलिमीटरच्या ग्रब स्क्रूशी दोन संध्याकाळ झुंजण्यापेक्षा ते सरळ पडतं. पण संच जुना असेल, जोडीचा मिळत नसेल, किंवा तुकडा बेसप्लेटमध्ये अथवा ब्लॉकमध्ये असेल, तर पुढे वाचा.

आधी भाग सुटा करून पेनेट्रेटिंग ऑइलचे दोन-चार थेंब घाला आणि रात्रभर सोडा. सकाळी सोल्डरिंग आयर्नने तापवा, थंड होऊ द्या, पुन्हा एक थेंब. तापवताना खिडकी उघडी ठेवा, तेलाचा धूर छातीत जायला नको.

भोक आरपार आहे का ते बघा, कारण तसं असेल तर काम अर्धं होतं. नेहमीच्या उजव्या आट्यांचा स्क्रू तुम्ही ज्या टोकाकडून बघता, त्या टोकाकडून घड्याळाच्या उलट फिरवला की तुमच्याच दिशेने येतो. म्हणजे सॅडलच्या वरची ॲलन कीची खाच झिजून गोल झाली असेल आणि खालून टोक बाहेर आलेलं असेल, तर सॅडल उलटा करा, ते टोक पकडीत धरा आणि खालच्या बाजूनेच काढा. आणखी एक गंमत: अशा भोकात साधा ड्रिल बिट तुकड्यात रुतला, तरी तो तुकड्याला पुढे ढकलत दुसऱ्या तोंडाने बाहेर काढतो, फक्त त्या बाजूचे आटे आधी साफ केलेले असावेत.

खाच गोल झालेली असली तरी किल्लीचा नाद लगेच सोडू नका. अमेरिकन मापाच्या सॅडल स्क्रूंना ०.०५० इंचाची ॲलन की लागते, मेट्रिक एम३ (३ मिलिमीटर जाडीच्या) ग्रब स्क्रूंना १.५ मिलिमीटरची. दोन्हींत फरक इतका थोडा, की चुकीची किल्ली बसल्यासारखी वाटते आणि खाच खाऊन टाकते. बरोबर मापाची, नव्या धारदार कोपऱ्यांची किल्ली कधी कधी अजूनही पकड घेते. नाहीच घेतली तर किंचित मोठा टॉर्क्स बिट खाचेत हलक्या हाताने ठोकून बसवून बघा.

बंद भोकातल्या तुकड्यासाठी डावा ड्रिल बिट लागतो, तो उलटा फिरून कापतो. तुकड्याचं तोंड आधी सपाट करा, सेंटर पंचने अगदी मध्यावर खूण करा आणि १ ते दीड मिलिमीटरच्या बिटने सुरुवात करा. भाग व्हाइसमध्ये पक्का धरा, शक्यतो ड्रिल स्टँड वापरा, वेग कमी, तेलाचा थेंब असू द्या. बऱ्याचदा बिट रुतताच तुकडा फिरून निघतो. नाही निघाला तर टप्प्याटप्प्याने मोठा बिट घेत जा, पण आट्यांच्या आतल्या व्यासापर्यंतच: एम३ साठी २.५ मिलिमीटर, एम४ साठी ३.३, एम५ साठी ४.२, एम६ साठी ५. आट्यांत उरलेला पातळ कीस सुईने उचला आणि त्याच मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) एकदा हाताने फिरवा. ट्रेमोलो आर्मच्या बाबतीत टॅप घेण्याआधी माप तपासा. अमेरिकन आर्म १०-३२ या अमेरिकन मापाच्या आट्यांच्या, तर इतर पुष्कळशा मेट्रिक ५ किंवा ६ मिलिमीटरच्या असतात.

पिळदार एक्स्ट्रॅक्टर, ज्याला कारखान्यात ईझी आउट म्हणतात, तो पाच-सहा मिलिमीटरच्या तुकड्याला ठीक. त्याहून बारीक कामात मी तो सुचवणार नाही. तो कडक पोलादाचा असतो, म्हणून ठिसूळ. आत मोडला तर साधा बिट त्याला ओरखडासुद्धा काढत नाही.

एक जुनी युक्ती घड्याळजींची आहे: तुरटी. पितळेच्या सॅडलमध्ये किंवा ब्लॉकमध्ये साध्या पोलादाचा तुकडा अडकला असेल, तर काचेच्या भांड्यात गरम पाण्यात विरघळेल तितकी तुरटी घालून तो भाग बुडवून ठेवा. तुकड्यातून बुडबुडे निघतात, तो काळा पडत झिजत जातो. पितळेला काही होत नाही. दिवस-दोन दिवस लागतात, पाणी कोमट ठेवलं तर लवकर. पण अटी कडक आहेत. भाग पितळेचाच हवा: चुंबक चिकटत नाही आणि आतल्या अंगाला खरवडल्यावर पिवळा रंग दिसतो. पोलादी ब्लॉक तुरटीत तुकड्याबरोबरच झिजेल, आणि स्वस्त ब्रिजमध्ये वापरतात तो जस्ताचा मिश्रधातूही खराब होईल. स्टेनलेस स्क्रूवर तुरटीचा इलाज चालत नाही. वरचा मुलामा निस्तेज होऊ शकतो, तेव्हा दिसणाऱ्या भागावर विचार करून.

कुठे थांबायचं

बिट मध्यावरून सरकायला लागला, एक्स्ट्रॅक्टर आत मोडला, किंवा भोकाच्या कडेपासून फिनिशमध्ये केसभर चीर दिसली, तर हत्यारं खाली ठेवा आणि गिटार कारागिराकडे न्या. मूळ सुटे भाग असलेल्या जुन्या वाद्यावर तर पहिल्यापासूनच त्याच्याकडे जा. अर्धवट कुरतडलेला तुकडा त्यालाही जास्त महाग पडतो, आणि ते बिल तुमच्याच नावावर येतं.

पुन्हा जोडताना

टेप काढण्याआधी सगळा कीस टिपून घ्या, पिकअपच्या कडा दोनदा. नवा स्क्रू जुन्याच्या लांबीचा आणि आट्यांचा घ्या. घामाने सतत गंजत असतील तर सगळा संच स्टेनलेसचा लावा, पण स्टेनलेस पिळाला थोडा नाजूक असतो, म्हणून लाकडात बसवताना आधी साध्या पोलादी स्क्रूने आटे पाडून घ्या. तारा चढवल्यावर सॅडलची उंची आणि इंटोनेशन पुन्हा जुळवावं लागेल, ब्रिज केसभर सरकला तरी. क्लॉ काढला असेल तर त्याच्यावर डाखलेली अर्थची तार जागेवर आहे ना ते बघा. अँप लावून तारांना हात न लावता ऐका, मग हात ठेवा. हात ठेवल्यावर गुणगुण कमी झाली तर ती जोडणी ठीक आहे. काहीच फरक पडला नाही, तर मागची झाकणी पुन्हा उघडून ती तार तपासा.